नाव कुणाची आणि नाव कुणाचं?

आज मी तुम्हाला एका लाकडी होडीची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आपण लोणंदच्या, कांद्याच्या बाजारातल्या. आपल्याला माहीत ती नीरा नदी, फार तर वीर धरण. समुद्र कुठं आणि आपण कुठं! पण या गोष्टीचं एक टोक मुंबईच्या सुतारांकडं आहे, दुसरं गोव्यात आहे आणि मधला धागा आपल्या शेजारच्या फलटण तालुक्यातून जातो. म्हणून ती आपलीही गोष्ट आहे.

आपल्या मराठीत 'नाव' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. ती नाव म्हणजे होडी, आणि ते नाव म्हणजे आपण एकमेकींना हाक मारतो ते. आजची गोष्ट या दोन्ही नावांची आहे. होडी कुणी बांधली आणि नाव कुणाचं झालं, ते बघत जाऊ.

गोष्ट सुरू होते १९६३ साली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक इंग्रज तरुण मुंबई आणि इराणचं आखात अशा फेऱ्या करणाऱ्या जहाजांवर अधिकारी होता. वय असेल चोवीस. त्यानं आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी ठरवलं, आपली स्वतःची शिडाची होडी बांधायची आणि तिच्यातून घरी जायचं. जहाज चालवणं त्याला येत होतं, पण होडी बांधण्याचा धंदा काही त्याचा नव्हता. म्हणजे या कामात तो हौशीच. आपण स्वयंपाक रोज करतो म्हणून चूल घालता येतेच असं नाही, तसंच हे.

मग त्यानं काय केलं? टपालानं इंग्लंडहून आराखडा मागवला. आला तो जुन्या घडणीच्या होडीचा. विल्यम अ‍ॅटकिन नावाच्या अमेरिकन माणसानं तो १९२०च्या दशकात काढलेला. त्याचं मूळ त्याहून जुनं. नॉर्वे देशात वादळात सापडलेल्या मच्छीमारांना सोडवायला ज्या बचावनौका जात, त्या घडणीचा तो होता. बुटकी, रुंद, दोन्ही टोकांना निमुळती होडी. वेगात मागं, पण लाटांना पुरून उरणारी. दिसायला जुनाट, तरी तीच बांधायची ठरली. पुढं या जुनाटपणानंच त्याचा जीव वाचवला.

लाकूड घेतलं आपल्याकडचा साग. मुंबईत सागाची जहाजं बांधणं नवं नव्हतं. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचे पारशी कारागीर मुंबईला आले, आणि त्यांच्या घराण्यानं पुढं शंभरावर वर्षं तिथं जहाजं बांधली. त्यांनी १८१७ साली सागात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथं पाण्यावर तरंगतंय. दोनशे वर्षांचं लाकूड! साग पाण्यात लवकर कुजत नाही, कारण त्याच्या अंगातच तेल असतं. आपल्या जुन्या वाड्यांच्या सागवानी चौकटी बघा, भिंत पडते पण चौकट उभी राहते.

होडी बांधली ती मुंबईच्या सुतारांनी. विजेची यंत्रं नव्हती. करवत, रंधा, पटाशी, लाकूड तासायचा वाकस, आणि भोक पाडायला दोरीच्या धनुकलीनं फिरवायचा सामता. ही हत्यारं तुमच्यापैकी मोठ्या बायांनी गावच्या सुताराकडं बघितली असतील. ज्या वाकसानं आपल्या सुतारानं पाभर घडवली, नांगराला दांडी बसवली, त्याच जातीच्या वाकसानं ही समुद्रावरची होडी तासली गेली.

होडी बांधतात कशी, तेही थोडक्यात सांगते. आधी खाली एक जाड, लांब तुळई ठेवतात. ती होडीचा कणा. कोकणात तिला पठाण म्हणतात. त्या कण्याला दोन्ही बाजूंनी बरगड्यांसारखी वाकडी लाकडं जोडतात. मग त्या बरगड्यांवर बाहेरून फळ्या ठोकत जातात. फळी आणि फळी यांच्यामध्ये फट राहतेच. त्या फटीत कापसाची वळलेली वात ठोकून ठोकून भरतात आणि वरून लुकण लावतात. होडी पाण्यात उतरली की लाकूड फुगतं, वात आवळली जाते आणि पाणी आत येत नाही. दिसायला साधं काम, पण हातभर वात जरी ढिली राहिली तरी भर समुद्रात होडी गळायला लागते.

हे सगळं सावकाश चाललं. १९ डिसेंबर १९६४ रोजी होडी तयार झाली. आपल्याकडच्या रीतीनं नारळ फोडून ती पाण्यात सोडली. लांबी साधारण बत्तीस फूट, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा जरा आखूडच. नाव ठेवलं 'सुहेली'. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला या नावानं ओळखतात. अरबीत सुहैल म्हणजे आपला अगस्तीचा तारा. हिवाळ्यात रात्री दक्षिणेकडं, आभाळात खाली, एक ठळक तारा चमकतो ना, तोच तो. आपल्या कथेत अगस्ती ऋषींनी समुद्र पिऊन टाकला. होडीला शोभेलसंच नाव झालं.

१९६५ साली रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे सुहेली घेऊन मुंबईहून निघाले. एका दमात इंग्लंड गाठायचं असा हट्ट त्यांनी केला नाही. आधी मस्कत, मग आफ्रिकेचा किनारा. तिथं थांबले, नोकरी केली, पैसे जमवले, होडीची डागडुजी केली. शेवटचा टप्पा आफ्रिकेच्या टोकापासून लंडनपर्यंत चौऱ्याहत्तर दिवसांचा झाला, तेव्हा होडीची खोड त्यांना पुरती कळली होती.

आणि मग आलं १९६८ साल. इंग्लंडमधल्या एका वर्तमानपत्रानं शर्यत लावली. एकट्यानं, कुठंही न थांबता, कुणाचीही मदत न घेता, शिडाच्या होडीतून पृथ्वीला वळसा घालायचा. तोवर हे कुणीच केलं नव्हतं. नऊ जण निघाले. रॉबिन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून सुहेली घेऊन निघाला. सगळ्यांत लहान होड्यांपैकी ही एक.

वाटेत होडी गळायला लागली. कण्याजवळ, पाण्याखाली, फळीची फट उघडली होती. आता काय करायचं? मैत्रिणींनो, त्यानं काय केलं ते ऐका. त्यानं कॅनव्हासची लांब पट्टी घेतली, तिच्यावर कापसाची वात सुईदोऱ्यानं शिवली, डांबर फासलं आणि भर समुद्रात होडीखाली बुडी मारून ती पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी फटीवर ठोकली. वरून तांब्याचा पत्रा मारला. दम कोंडून खाली जायचं, दोन ठोके मारायचे, वर यायचं. मध्येच एक शार्क मासा घिरट्या घालायला लागला, त्याला गोळी घालून पुन्हा काम. आपण ज्याला ठिगळ लावणं म्हणतो आणि हलकं काम समजतो, त्या ठिगळावर त्याचा जीव तरला.

पुढं दक्षिणेच्या महासागरात एका मोठ्या लाटेनं सुहेलीला आडवं पाडलं. शीड पाण्याला टेकलं. पण ती पुन्हा उभी राहिली. कारण तिच्या कण्याखाली लोखंडाचं भरपूर वजन होतं. जत्रेत ती बाहुली मिळते ना, कितीही ढकला, परत उभी राहते, तसंच.

इथं गोष्ट थोडी थांबवून कामाचं सांगते, कारण हे आपल्या जिवाशी आहे. आपला सातारा आणि सांगली जिल्हा नद्यांचा आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या गावांना आजही लाँचनं जावं लागतं. कृष्णेच्या पुरात माणसं गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडतात. आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला, पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. कितीतरी जणांचा जीव गेला. त्यात बायका होत्या, लहान लेकरं होती. नदीवरच्या होडीला सुहेलीसारखं खाली लोखंडाचं वजन नसतं. तिचा तोल तिच्यातल्या माणसांवर असतो. माणसं जास्त झाली, उभी राहिली किंवा एकाच बाजूला सरकली, की वजन वर जातं आणि होडी कलंडते. म्हणून होडीत चढताना माणसं मोजा. खाली बसा. लेकराला आधी जॅकेट घाला. होडी भरली असेल तर पुढच्या फेरीला थांबा, आणि 'बसा हो, होईल काहीतरी' म्हणणाऱ्याला ठामपणे नाही म्हणा. होडीच्या घडणीचं हे शहाणपण खलाशाइतकंच आपल्यालाही हवं.

आता पुन्हा सुहेलीकडं. तिचं आपोआप चालणारं सुकाणू मोडलं. रेडिओ बंद पडला. न्यूझीलंडजवळ ती दिसली, आणि त्यानंतर चार महिन्यांहून जास्त काळ तिची काहीच खबर नव्हती. घरच्यांनी काय सोसलं असेल! शेवटी २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ती फालमथला परत आली. कस्टमचे अधिकारी होडीवर चढले आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, कुठल्या बंदरातून आलात? तो म्हणाला, फालमथहून. निघाला तिथंच तो परतला होता.

नऊ जणांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच. दुसरा एक गृहस्थ, डोनाल्ड क्रोहर्स्ट, अगदी शेवटच्या घाईत बांधलेल्या होडीतून निघाला होता. होडी निघतानाच अपुरी आणि गळकी होती. कर्ज डोक्यावर होतं, मागं फिरायची सोय नव्हती. त्यानं खोटे ठावठिकाणे कळवले आणि शेवटी त्याची होडी रिकामी सापडली. घरी बायको आणि चार लेकरं होती. रॉबिननं आपल्याला मिळालेलं पाच हजार पौंडांचं बक्षीस त्या कुटुंबाला देऊन टाकलं. एका होडीला दीड-दोन वर्षं लागली, दुसरी काही महिन्यांत उरकली. समुद्रानं दोघींची परीक्षा सारखीच घेतली.

रॉबिनचं नाव जगभर झालं. पुढं त्याला इंग्लंडमध्ये 'सर' हा किताब मिळाला. सुहेलीचं नावही झालं. पण ज्यांनी वाकसानं तिचा कणा तासला, ज्यांनी फटीत वात ठोकली, त्या मुंबईच्या सुतारांची नावं कुणाच्या तोंडी आली नाहीत. होडी राहिली, किताब राहिला. घडवणारे हात मागं पडले.

आता धागा आपल्याकडं वळतो. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला आणि तिथून फलटणला जाते. त्याच फलटण तालुक्यात विंचुर्णी नावाचं गाव आहे. तिथं निवृत्तीनंतर व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी राहत होते. १९७१ च्या युद्धात 'कामोर्ता' या युद्धनौकेचे ते प्रमुख होते, वीरचक्राचे मानकरी. १९८३ साली ते नौदलातून निवृत्त झाले आणि समुद्रापासून इतक्या दूर, आपल्या कोरड्या मुलखात येऊन राहिले. पण समुद्र त्यांच्या डोक्यातून गेला नाही. त्यांचं म्हणणं असं, की भारतीय माणसानं, भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून, एकट्यानं पृथ्वीला वळसा घालायचा. होडी विकत आणून नाही, इथं बांधून. नौदलानं हे मनावर घेतलं. त्या कामाला नाव मिळालं 'सागर परिक्रमा'.

पुढं आले कमांडर दिलीप दोंदे. २००६ साली त्यांनी नाव दिलं, तेव्हा त्यांना असल्या लांब प्रवासाचा अनुभव नव्हता. शिकायला ते कुणाकडं गेले? त्याच सुहेलीवाल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनकडं. मुंबईत घडलेल्या होडीनं जे शिकवलं, ते चाळीस वर्षांनी असं आपल्याकडं परत आलं.

होडी बांधायचं काम घेतलं गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांनी. त्यांचा होड्यांचा कारखाना होता, पण अशी महासागरातली शिडाची होडी त्यांनी आधी बांधलेली नव्हती. म्हणजे चालवणारा नवा आणि बांधणाराही नवा. दोघं शिकत शिकत पुढं गेले. आतून सीडर लाकडाच्या पट्ट्या आणि बाहेरून फायबरचा थर, अशी छप्पन्न फुटी होडी उभी राहिली. गोव्याच्या नदीवरून तिचं नाव ठेवलं 'म्हादई'. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरं घेतली आणि १९ मे २०१० ला परत आले. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढं २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमींनी तीच म्हादई कुठंही न थांबता फिरवून आणली.

मग प्रश्न आला, बायका का नाहीत? त्याचं उत्तर 'तारिणी'नं दिलं. म्हादईसारखीच ही होडीही दांडेकरांच्याच कारखान्यात गोव्यात बांधली. १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा जणी तिच्यातून निघाल्या. त्यांची नावं नीट ऐका, कारण आजचा विषयच नावाचा आहे. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पातरलापल्ली, विजया देवी, ऐश्वर्या बोड्डपाटी आणि पायल गुप्ता. कप्तान वर्तिका जोशी. त्यांना शिकवलं दिलीप दोंद्यांनी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटं, दक्षिण आफ्रिका असं करत, तीनमजली घराएवढ्या लाटा झेलत, एकवीस हजार सहाशे सागरी मैल म्हणजे चाळीस हजार किलोमीटर तोडून त्या २१ मे २०१८ ला गोव्यात परतल्या. शेवटच्या टप्प्यात सुकाणूत बिघाड झाला, तेव्हा मॉरिशसला थांबून दुरुस्ती केली आणि पुढं निघाल्या.

आवटीसाहेबांना हे बघायला मिळालं. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ते विंचुर्णीत वारले. आणि २०२४ च्या २ ऑक्टोबरला दिल्ना के. आणि रूपा ए. या नौदलातल्या दोघीच जणी तारिणी घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ ला पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आल्या. दोघीच! एक झोपली की दुसरी जागी.

सुहेलीचा आराखडाही पुन्हा गोव्यात आला बरं का. १९६८ च्या शर्यतीला पन्नास वर्षं होणार म्हणून तशीच शर्यत २०१८ साली पुन्हा भरवली. तिच्यासाठी दांडेकरांनी सुहेलीच्याच घडणीची 'तुरिया' बांधली. ती घेऊन अभिलाष टॉमी उतरले. हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजानं त्यांना सोडवलं. चांगली बांधलेली होडीसुद्धा समुद्रापुढं हरू शकते, हेही खरंच. पण ती बुडाली नाही, म्हणून सोडवणारे येईपर्यंत माणूस तगला.

तर मैत्रिणींनो, या गोष्टीतून मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली अशी. यातला जवळजवळ प्रत्येक जण ज्या कामाला हात घालत होता, त्यात नवशिका होता. रॉबिननं आधी असली होडी बांधली नव्हती, दांडेकरांनी तसली होडी बांधली नव्हती, दोंदे तसल्या प्रवासाला गेले नव्हते. पण कुणी आंधळी उडी मारली नाही. पारखलेला आराखडा घेतला. जाणत्याकडं शिकायला गेले. लांब जायच्या आधी जवळचं पाणी तपासलं. चूक दिसली तिथं ठिगळ लावलं. आपला एखादा गट मसाल्याचं, शेवयांचं किंवा शिवणाचं काम नव्यानं काढतो, तेव्हाही हीच वाट आहे. आणि घाईत उरकलेली होडी कुठं नेते, तेही आपण ऐकलं.

दुसरी गोष्ट नावाची. तारिणीवरच्या बायकांची नावं आज आपल्याला माहीत आहेत, कारण कुणीतरी ती लिहून ठेवली. सुहेली घडवणाऱ्या सुतारांची नावं मागं पडली, कारण काम त्यांचं आणि कागद दुसऱ्याचा. आपल्या गावात असे कितीतरी हात आहेत. बाळंतपणं करणारी सुईण, उत्तम गोधडी शिवणारी आजी, बैलगाडीचं चाक घडवणारा सुतार, विहीर बांधणारा गवंडी. त्यांनी आपली नाव चालवली, पण त्यांचं नाव कुठं आहे?

गटाच्या बैठकीची वही आपल्याकडं आहेच. हप्ता लिहितो, कर्ज लिहितो, ठराव लिहितो. तिची शेवटची दोन पानं राखून ठेवा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एक नाव सांगायचं, गावातल्या एका कारागिराचं किंवा कारागीर बाईचं, आणि त्यांनी काय घडवलं ते. लिहिता येतं तिनं लिहायचं, येत नाही तिनं सांगायचं. नुसतं 'अमक्याची आई' किंवा 'तमक्याची सून' असं लिहू नका. पुरतं नाव लिहा, आपल्या माहेरच्या हाकेचं असलं तरी चालेल.

एवढंच सांगायचं होतं. भेटू पुढच्या भाषणात.